गेटला बसता येतं, पण एम.टेक.ला चालतं का? संगणकशास्त्रातल्या पुढच्या शिक्षणाच्या वाटा

प्रश्न थोडक्यात असा: एकजण पुण्यात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिची मैत्रीण बी.ई. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. दोघींनी येत्या फेब्रुवारीत गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) द्यायचं ठरवलंय. एम.टेक., एम.एस., एम.एस्सी., एमसीए यांत फरक काय, कुठे काय लागतं आणि परदेशाचे अर्ज सोबत चालवता येतील का, हे त्यांना हवंय.

बी.एस्सी.वालीला आधी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण ती बऱ्याच जणांना निकाल लागल्यावर कळते. गेटला पदवीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षातल्या कुणालाही बसता येतं, शाखा कुठलीही असो. मात्र गेट ही फक्त परीक्षा आहे, प्रवेशाची पात्रता प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. आयआयटी आणि एनआयटीच्या संगणकशास्त्रातल्या एम.टेक.ला सर्वसाधारणपणे चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी लागते, किंवा एम.एस्सी. अथवा एमसीए. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर १००० पैकी ९०० स्कोअर आणला तरी तिथलं दार उघडत नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे आत्ता दिलेली परीक्षा अगदीच वाया जाते असंही नाही. दोन वर्षांचं एम.एस्सी. संपतं तेव्हा तो स्कोअर जेमतेम जिवंत असतो. पण एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात पुन्हा परीक्षा दिली तर गुण बहुधा वाढलेलेच असतील.

मग बी.एस्सी.नंतर काय? एमसीए २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालं आणि ही वाट एकदम सोयीची झाली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची एमसीए सीईटी आणि नंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या. एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही सामाईक प्रवेश परीक्षा. निमसेटचे १२० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात आणि त्यातले ५० गणिताचे असतात. संगणकाचे फक्त २०. आपल्याकडची मुलं सी आणि डेटाबेस घोकून जातात आणि संच, संभाव्यता, कॅल्क्युलस, भूमिती यांत मार खातात. बारावीच्या गणिताला आठ महिने द्यायची तयारी असेल तरच निमसेटचा फॉर्म भरावा. पात्रतेसाठी पदवीला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए आणि गणित अथवा संख्याशास्त्र हा विषय लागतो.

एम.एस्सी. करायचं असेल तर आयआयटी-जॅमच्या (आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेच्या) भरवशावर राहू नका, त्यात संगणकशास्त्राचा पेपरच नाही. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा, पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाची स्वतःची प्रवेश परीक्षा, आणि ज्यांना गणिताची खरी गोडी आहे त्यांच्यासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. तिथलं एम.एस्सी. संगणकशास्त्र आकाराने लहान आणि दर्जाने फार वरचं आहे, पण ते सैद्धांतिक अंगाने जातं: अल्गोरिदम, ऑटोमाटा, लॉजिक. प्रवेश परीक्षेत सिद्धता लिहायला लावतात. पर्यायावर टिक करायची सवय लागलेल्याला तो पेपर पहिल्या वाचनात परग्रहावरचा वाटतो, म्हणून जुने पेपर काढून दोन-तीन सोडवून बघा आणि मगच ठरवा. कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हेही याच पंथातलं, पण तिथे दिशा पीएच.डी.ची. एक-दोन वर्षं शिकून नोकरीला लागायचं असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार ज्यांचं कॉलेज बी.एस्सी.चं चौथं वर्ष देतं, त्यांच्यापुढे आणखी एक पर्याय आहे: चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं आणि पुढे एक वर्षाचं एम.एस्सी. चार वर्षांची बी.एस्सी. एम.टेक.ला कुठे चालते हे मात्र त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पात्रतेच्या कलमात शोधायचं. तिथे 'अभियांत्रिकी किंवा समतुल्य' एवढंच छापलेलं असेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. कागदपत्रं तपासणीच्या दिवशी फोनवर कुणी काय सांगितलं होतं याला किंमत नसते. आणि सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, पदव्युत्तर पदवी नाही. नोकरीसाठी तो उपयोगी पडतो, पण पुढे पीएच.डी.च्या अर्जात 'पदव्युत्तर' या रकान्यात तो लिहिता येत नाही.

आता बी.ई.वालीकडे. तिच्यासाठी गेट हेच मुख्य दार. पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यात १५ गुण सामान्य बुद्धिमत्तेचे, साधारण १३ गणिताचे, उरलेले ७२ विषयाचे. प्रश्न तीन जातीचे: एकच पर्याय बरोबर असलेले, एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे, आणि उत्तर आकड्यात टाकायचे. नकारात्मक गुण फक्त पहिल्या जातीला आहेत, १ गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि २ गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. हिशोब केला तर चार पर्यायांत डोळे मिटून केलेल्या टिकची सरासरी कमाई बरोबर शून्य येते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला की तीच कमाई १ गुणाच्या प्रश्नाला एक नवमांश होते. म्हणजे एक तरी पर्याय निश्चित चुकीचा आहे हे कळलं असेल तर उत्तर द्यावं, नाहीतर सोडावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचा प्रश्न रिकामा सोडण्यात काहीच अर्थ नाही, कारण तिथे कापाकापी नाही. मात्र अनेक पर्यायांच्या प्रश्नात अर्धवट बरोबरला अर्धे गुण मिळत नाहीत. तीनपैकी दोन बरोबर टिक केले तरी शून्यच. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचा वापरावा लागतो. माऊसने त्याची बटणं दाबायला हाताच्या कॅल्क्युलेटरच्या दुप्पट वेळ जातो, म्हणून सरावाच्या चाचण्याही त्याच्यावरच करा.

गुण आणि स्कोअर ही दोन वेगळी माणसं आहेत. स्कोअर १००० पैकी असतो आणि तो त्या वर्षीच्या पात्रता गुणांवर आणि सगळ्यात वरच्या मोजक्या उमेदवारांच्या सरासरीवर ठरतो. खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५० धरतात, वरच्या सरासरीला ९०० आणि मधलं सगळं सरळ रेषेत. समजा पात्रता ३० गुणांवर आली, वरची सरासरी ८५ आणि तुम्हाला ६० मिळाले. तुम्ही पात्रतेच्या ३० गुण वर आहात, पूर्ण अंतर ५५ गुणांचं, तर स्कोअर ३५० अधिक ५५० गुणिले ३०/५५, म्हणजे ६५०. पेपर सोपा निघाला की वरची सरासरी वर सरकते आणि तेच ६० गुण कमी स्कोअर देतात. म्हणून 'मागच्या वर्षी ६० गुणांवर अमुक ठिकाणी मिळालं' असली वाक्यं निरुपयोगी. तुलना नेहमी स्कोअरची करा, आणि तीही त्याच संस्थेच्या, त्याच कार्यक्रमाच्या, त्याच प्रवर्गाच्या जुन्या कटऑफशी.

२०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला आहे. संगणकशास्त्रासोबत तो देता येतो, आणि संभाव्यता, रेषीय बीजगणित, डेटा स्ट्रक्चर हे भाग दोन्हीकडे लागतात. मशीन लर्निंगचा अभ्यास वेगळा करावा लागेल. तेवढा वेळ असेल तर दुसरा पेपर द्यावा, पण त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क कच्चं ठेवण्यात शहाणपण नाही.

मार्चमध्ये निकाल लागला की बहुतेकांचा गोंधळ उडतो तो इथे. कोअ‍ॅप नावाचं एक पोर्टल आहे. त्यावर नोंदणी केली म्हणजे आयआयटीत अर्ज झाला असं समजून बसणारे दर वर्षी भेटतात. कोअ‍ॅपवर अर्ज होतच नाही. प्रत्येक आयआयटीच्या स्वतःच्या पोर्टलवर, स्वतंत्र शुल्क भरून, विभाग आणि कार्यक्रम निवडून अर्ज करायचा, त्या अर्जात कोअ‍ॅपचा नोंदणी क्रमांक टाकायचा. कोअ‍ॅप फक्त ऑफर दाखवतं आणि तुमचं उत्तर घेतं. अर्जाच्या खिडक्या निकालाच्या आसपास उघडतात आणि काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत बंद होतात, त्यामुळे निकालाआधीच फोटो, सही, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांची एक पीडीएफ तयार असावी.

ऑफर आली की तीन उत्तरं असतात: स्वीकारून थांबणे, धरून ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहणे, किंवा नाकारून वाट पाहणे. पहिलं उत्तर दिलं की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. मुदतीत काहीच उत्तर न देणं हे सगळ्यात वाईट, हातातली ऑफर जाते. एनआयटी आणि ट्रिपल आयटींसाठी सीसीएमटी हे सामाईक समुपदेशन वेगळं चालतं, तिथे बारावीनंतरच्या समुपदेशनासारखी पसंतीक्रमाची यादी भरायची असते. दोन्हीकडे नाव असू द्या. कोअ‍ॅपच्या पहिल्या दोन फेऱ्यांत काही आलं नाही तर घाबरून सीसीएमटीतली जागा पक्की करून मोकळं होण्याची घाई नको. वरचे उमेदवार एकाच वेळी चार-पाच ऑफर घेऊन बसलेले असतात, ते एक निवडतात तेव्हाच खालच्या जागा सुटतात.

यादी भरताना नुसतं संस्थेचं नाव पाहू नका, कार्यक्रमाचा प्रकार पाहा. दोन वर्षांचं एम.टेक. म्हणजे पहिल्या वर्षी मुख्यतः विषय, दुसऱ्या वर्षी प्रबंध. सोबत शिक्षण साहाय्यक म्हणून प्रयोगशाळा घेणे, वह्या तपासणे, आणि त्याबद्दल महिना १२,४०० रुपये. संशोधनाधारित एम.एस., किंवा बंगळुरूच्या आयआयएससीमधलं संशोधनाचं एम.टेक., यात विषय कमी, प्रबंध मोठा, आणि कालावधी मार्गदर्शकाच्या समाधानावर थोडाफार लांबतो. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांचं एम.टेक. हा आणखी एक प्रकार आहे. एक वर्ष जास्त जातं म्हणून पुष्कळ जण त्याच्याकडे पाठ फिरवतात, पण गेट स्कोअर थोडा कमी असलेल्याला चांगल्या विभागात शिरायची ती खरी वाट आहे. संशोधनाच्या कार्यक्रमांची निवड बहुतेक ठिकाणी लेखी किंवा प्रोग्रॅमिंग चाचणी आणि मुलाखतीवर होते, गेट फक्त बोलावणं येण्यापुरतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीची तर स्वतःची पीजीईई परीक्षा आहे.

मुलाखतीत काय होतं याची एक झलक. विचारतात: 'एका ग्राफातल्या प्रत्येक एजचं वजन एकने वाढवलं. मिनिमम स्पॅनिंग ट्री बदलेल का? दोन शिरोबिंदूंमधला सर्वात छोटा मार्ग बदलेल का?' पाठ केलेलं उत्तर 'दोन्ही तसंच राहील' असं घसरतं. ट्री बदलत नाही, कारण प्रत्येक स्पॅनिंग ट्रीत एजची संख्या सारखीच, सगळ्यांच्या बेरजेत सारखीच भर पडते. मार्गाचं तसं नाही. एका बाजूला ५ वजनाची एकच सरळ एज आणि दुसऱ्या बाजूला १, १, २ अशा तीन एज घ्या. आधी ५ विरुद्ध ४, म्हणजे वळसा स्वस्त. एकेक वाढवल्यावर ६ विरुद्ध ७, सरळ रस्ता स्वस्त. हे फळ्यावर काढून दाखवलं की पुढचा प्रश्न येतो: 'वाढवण्याऐवजी दुप्पट केलं तर?' त्यांना तुमचं उत्तर फारसं नको असतं, पहिलं उत्तर चुकल्यावर तुम्ही उदाहरण शोधता की गप्प बसता हे बघायचं असतं. म्हणून तयारी दोनच विषयांची करा, पण खोल. 'तुझा आवडता विषय कोणता?' याचं उत्तर देताना मशीन लर्निंग म्हटलं आणि ग्रेडियंट म्हणजे काय हे सांगता आलं नाही, की मुलाखत तिथेच संपते.

थेट पीएच.डी. हाही बी.ई.नंतरचा खुला पर्याय आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के लागतात. आयआयटींचे निकष त्यांचे स्वतःचे. छात्रवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. पैशाकडे बघून एम.टेक.ऐवजी पीएच.डी. धरायची आणि दोन वर्षांनी सोडायची हा बेत काही जण आखतात. मुलाखत घेणाऱ्यांना तो ओळखू येतो.

महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या एम.टेक.साठी, म्हणजे पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय, सीईटी सेलची कॅप प्रक्रिया आहे. तिथे गेटवाल्यांना आधी संधी, जागा उरल्या तर बिनगेटवाल्यांना. गेट पात्र असाल आणि कॉलेज एआयसीटीईमान्य असेल तर १२,४०० ची छात्रवृत्ती इथेही मिळू शकते, फक्त अर्ज वेळेत आणि कॉलेजकडून पडताळणी करून जायला हवा.

राखीव प्रवर्गातल्यांनी इथे नीट वाचा. राज्याचे दाखले आणि केंद्राचे दाखले यांचा नमुना वेगळा. ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जात आहे का ते पाहायचं, नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. मागच्या वर्षीचं चालत नाही, म्हणून एप्रिलमध्ये पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, आयआयटी-एनआयटीत त्याला जागा नाही. राज्याच्या कॅपमध्ये उलट, तिथे जात पडताळणीचं प्रमाणपत्र मागतात, जे केंद्रात मागत नाहीत. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने दोन्ही संच काढून ठेवावेत.

परदेश. अमेरिकेच्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या) सत्राचे अर्ज आधीच्या डिसेंबरात जातात, म्हणजे गेटच्या अभ्यासाच्या ऐन मोसमात. दोन्ही एकाच वर्षी करणं शक्य आहे, पण उद्देशपत्र आणि शिफारसपत्रांचं काम ऑक्टोबरात संपलं असेल तरच. पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा आता सुमारे दोन तासांची आहे, गुण पाच वर्षं चालतात, आणि बरीच विद्यापीठं ती मागतही नाहीत. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षंच. शिफारसपत्र विभागप्रमुखाकडून घ्यायची आपल्याकडे प्रथा आहे. 'अमुक विद्यार्थिनी मेहनती व गुणी आहे' अशा चार ओळींच्या पत्राचा काही उपयोग नसतो. ज्यांनी तुमचा प्रकल्प तपासला ते तरुण साहाय्यक प्राध्यापक जास्त कामाचे. त्यांना प्रकल्पाचं एक पान लिहून द्या: काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत थेट चालत नाही. एमसीए किंवा एम.एस्सी.नंतर ती अडचण राहत नाही. नोकरी करताना शिकायचं असेल तर जॉर्जिया टेकचं २०१४ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन एम.एस. बघा. त्याची पूर्ण फी अमेरिकेत जाऊन शिकण्याच्या एका सत्राच्या खर्चाहूनही कमी पडते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही किंवा नाममात्र आहे, पण सरसकट तसं समजू नका. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही २०२४-२५ पासून फी घेऊ लागलं. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) सक्तीचं आहे, व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएसला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यात आधी.

तिथे तुमचे गुण जर्मन श्रेणीत बदलतात, ज्यात १ सर्वोत्तम. सूत्र असं: सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा, भागिले सर्वोच्च वजा किमान उत्तीर्ण, गुणिले ३, अधिक १. तुमचा सीजीपीए ८.२, सर्वोच्च १० आणि किमान उत्तीर्ण ४ असेल तर १.८ भागिले ६, म्हणजे ०.३, आणि श्रेणी १.९. पण किमान उत्तीर्ण ५ धरलं तर श्रेणी सुमारे २.१ होते. एकाच विद्यार्थिनीचा अर्ज 'दोनच्या आत' या अटीत बसतो की बाहेर पडतो, हे त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी विद्यापीठाच्या अधिकृत कागदावर छापलेली आहे का ते पाहा, नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या. शिवाय जर्मन विद्यापीठं विषयवार तपासतात: सैद्धांतिक संगणकशास्त्र किती, गणित किती. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात हे तास थोडे भरतात. तासांसकट अभ्यासक्रमाची प्रत आत्ताच उतरवून ठेवा, नवा अभ्यासक्रम लागू झाला की जुना संकेतस्थळावरून गायब होतो.

शेवटचं काम नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. गेटचा अर्ज भरताना ज्या ओळखपत्रावर परीक्षा देणार त्यावरचं नाव जसंच्या तसं टाका. परदेशी अर्जात पासपोर्टवरचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग चुकलेलं असेल, एखादं ए जास्त किंवा एच कमी, तर ते मंडळाकडून दुरुस्त करून घ्यायला काही महिने जातात. हे काम सप्टेंबरात, गेटचा फॉर्म उघडतो त्याच सुमारास हाती घ्या.